तलावांतले मासे : काढणें आणि सोडणें

जतसारख्या कोरड्या मुलुखांत माशांवर लेख लिहिणें म्हणजे उघड्या माळावर बसून समुद्राच्या गोष्टी सांगण्यासारखें आहे, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यांत माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथें माशांची विचारपूस कोणीं करावी? परंतु पाऊस बरा झालेल्या वर्षीं आमच्याकडील एखाद्या तलावाच्या बांधावर सायंकाळीं फेरी मारून पाहा. हातांत वेळूची काठी, काठीला तंगूस, शेजारीं डब्यांत गांडुळें किंवा कणकेची गोळी, आणि नजर पाण्यावर खिळलेली, अशीं चार-दोन माणसें तुम्हांस हटकून दिसतील. त्यांत शेतकरी असतात, शिंपी असतात, पेन्शनीत निघालेले कारकून असतात, आणि शाळा चुकवून आलेले आमचे कांहीं विद्यार्थीही असतात. (त्यांचीं नांवें आम्ही येथें देत नाहीं, पालकांनीं घरीं चौकशी करावी.)

गळ टाकणारीं हीं माणसें फारशीं बोलत नाहींत. पण गेल्या उन्हाळ्यांत त्यांस बोलावयास लावणारी एक गोष्ट घडली, व तीच ह्या लेखाचें निमित्त होय.

आमच्या शाळेपासून कांहीं कोसांवर एक लहानसा पाझर तलाव आहे. चैत्र संपतां संपतां त्यांतलें पाणी कमरेखालीं आलें, पुढें गुडघ्याला लागलें. एके दिवशीं पहाटे गुरें घेऊन गेलेल्या मुलांस कडेच्या चिखलांत शेंकडों मासे पांढरी पोटें वर करून पडलेले आढळले. दोन दिवस त्या बाजूस नाक धरल्यावांचून जातां येईना. ज्या संस्थेनें तलाव ठेक्यानें घेतला होता, तिनें घाईनें जाळें ओढून उरलेले मासे काढले व मिळेल त्या भावानें विकून टाकले. आतां पाऊस आल्यावर नवें मत्स्यबीज सोडावयाचें, तें कोणत्या माशाचें, केव्हां व किती. आणि त्याआधीं डबक्यांत राहिलेले जुने मासे समूळ काढून टाकावे कीं राहूं द्यावे, ह्यावर बांधावर मोठा वाद माजला. आम्ही वरच्या इयत्तांतील कांहीं मुलांस बरोबर घेऊन दोन शनिवार दुपारीं तेथें जाऊन बसलों व सर्वांचें म्हणणें ऐकून घेतलें.

त्या मंडळींत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांस तात्या म्हणतात. चाळीस वर्षें ते त्या बांधावर बसत आले आहेत. त्यांचें मत स्पष्ट होतें. "सगळं धुऊन काढू नगा, मास्तर. मरळ ऱ्हाऊ द्या. मरळ हाय तवर तळं जितं हाय." मोटारदुरुस्तीच्या दुकानांत काम करणारा एक तरुण त्यांच्या अगदीं उलट बोलला. "तात्या, पैसं खर्चून बीज सोडायचं आनि मरळीनं गिळायचं, ह्यो कुठला न्याय? मरळ काढा, चिलापी काढा, निस्ता कटला सोडा. वर्साला किलो-किलोचा मासा लागंल गळाला." तेवढ्यांत मजुरीवरून परत जाणाऱ्या एक मावशी थांबल्या. त्यांच्या ओच्यांत चार चिलाप्या होत्या. त्या म्हणाल्या, "चिलापीला नावं ठिवणाऱ्यानं आदी बाजारातला कटल्याचा भाव इचारावा. माझ्या पोरांच्या ताटात कालवण पडतंय ते ह्या चिलापीमुळंच की वो." संस्थेचे एक सभासद बाजूला उभे होते. त्यांची तक्रार निराळीच. बीज आमचें, ठेक्याची रक्कम आमची, आणि मासे मात्र काठी घेऊन बसणाऱ्यांचे, असें त्यांचें म्हणणें.

चौघांचीं चार मतें. आणि चौघेही आपापल्या जागीं पुष्कळसे खरे. तें कसें, हें समजण्यास पाण्याखालीं काय चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

प्रथम मासे मेले कां, तें पाहूं. गांवांत कोणी म्हणाले, विष घातलें. कोणी म्हणाले, रोग आला. खरें कारण बहुधा ह्याहून साधें असतें. मासाही आपल्याप्रमाणेंच प्राणवायूवर जगतो. तो पाण्यांत विरघळलेला प्राणवायु कल्ल्यांवाटे घेतो. पाणी जितकें गरम, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. दिवसा पाण्यांतील हिरवें शेवाळ उन्हाच्या योगानें प्राणवायु बाहेर टाकतें. पण रात्रीं ऊन नसल्यामुळें तेंच शेवाळ उलट प्राणवायु खर्च करूं लागतें. तळाशीं कुजणारा गाळ रात्रंदिवस तो खातच असतो. अशा तऱ्हेनें चोवीस तासांत पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी होतो तो पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वीं. पाणी खोल असेल तर मासे कसेबसे निभावतात. गुडघाभर पाण्यांत दाटी झालेल्या माशांस मात्र तो घटकाभराचा काळच पुरेसा होतो. पहाटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडून 'पप् पप्' करतांना दिसले, म्हणजे समजावें कीं ही धोक्याची सूचना आहे. जाळें ओढावयाचें तें त्या दिवशीं. मासे मेल्यावर नव्हे.

येथें आमच्या एका विद्यार्थ्यानें चांगला प्रश्न विचारला. मेलेल्या ढिगांत एकही मरळ नव्हती, ती कां? ह्याचें उत्तर असें कीं, मरळीच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची एक वेगळी सोय आहे. ती मधून मधून पाण्यावर येऊन आपल्यासारखी उघडी हवा घेते, ओल्या चिखलांत कित्येक दिवस तग धरते. म्हणजे ज्या तरुणास डबक्यांत मरळीच मरळी दिसल्या व तिनेंच सगळे मासे खाल्ले असें वाटलें, त्याचा तर्क थोडा घसरला होता. मरळ ही वांचलेली होती, मारेकरी नव्हती. अर्थात् ती मांसाहारी आहे व लहान मासे खाते, हें त्याचें म्हणणें खोटें नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. तलावांत दरवर्षीं बीज सोडावेंच कां लागतें? चिंचेखालीं चिंच उगवते, मग कटल्याच्या तलावांत कटला कां होऊं नये? कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यांत नदीला पूर येतो, पाणी पसरतें, त्या वाहत्या पुरांत ते अंडीं घालतात. साठलेल्या पाण्यांत ते वाढतात, लठ्ठ होतात, पोटांत अंडींही धरतात. पण प्रवाह नसल्यामुळें तीं अंडीं बाहेर पडत नाहींत. म्हणून पूर्वीं गंगेच्या खोऱ्यांत पुराच्या वेळीं बारीक जाळ्यांनीं बीज गोळा करीत व कलकत्त्याहून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनें देशभर पाठवीत. वाटेंत किती मरत, आणि त्या हंड्यांत कोणकोणत्या निरुपयोगी जातींचीं पिलें मिसळलेलीं असत, ह्याचा नेमच नसे. १० जुलै १९५७ ह्या दिवशीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधुरी ह्यांनीं माशाच्या मेंदूजवळील पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून ह्या जातींस साठलेल्या पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें, तेव्हां ही परवड संपली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आज देशांत मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. आज सरकारी व खाजगी केंद्रांत बीज तयार होतें. अंड्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें तें मत्स्यजिरें, थोडें वाढलेलें तें मत्स्यबीज, आणि बोटाएवढें झालें म्हणजे बोटुकली. हीं नांवें आम्हांस फार आवडलीं. जिऱ्याएवढ्या जीवास जिरें म्हणणारी दृष्टि कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षां कमी नाहीं.

ह्या तिन्ही जातींची एकत्र पंगत बसते ती भांडण न करतां. कटल्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें. तो पाण्याच्या वरच्या थरांतले सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरांत चरतो. मृगळाचें तोंड खालीं. तो तळाशीं कुजलेलें पालापाचोळें निवडतो. म्हणून तिन्ही मिळून सोडण्याचा प्रघात आहे. निस्ता कटला सोडा म्हणणाऱ्या त्या तरुणानें तळाचें व मधलें अन्न वायां घालविण्याचीच सूचना केली होती, हें आम्हीं त्यास समजावून सांगितलें, व त्यानेंही हंसून तें मानलें.

चिलापीची गोष्ट मात्र अगदीं वेगळी. हा मासा आफ्रिकेंतला; मोझांबिकच्या बाजूचा. आपल्या देशांत तो १९५२ सालीं मुद्दाम आणला गेला. कारणही चांगलेंच होतें : तो कोठेंही जगतो, कांहींही खातो, लवकर वाढतो, गरिबांस स्वस्त अन्न मिळेल. झालेंही तसेंच, पण त्याबरोबर दुसरें कांहीं झालें. कटल्याला प्रजेसाठीं पूर लागतो. चिलापीला तीन महिन्यांचें वय आणि वीतभर पाणी पुरतें. नर तळाच्या वाळूंत खळगा करतो. मादी त्यांत अंडीं घालते व लगेच तीं आपल्या तोंडांत घेते. पिलें फुटेपर्यंत ती तोंड मिटून उपाशी राहते. पिलें पोहूं लागल्यावरही कोणी शत्रु दिसला कीं तीं सगळीं धांवत येऊन आईच्या तोंडांत शिरतात. अशी माया करणाऱ्या आईचीं पिलें मरणार तरी किती? आणि वर्षांतून अशीं अनेक वेतें. तलाव लहान असला म्हणजे थोड्याच काळांत तो तळहाताएवढ्या चिलाप्यांनीं गजबजून जातो. अन्न वांटलें जातें, कोणीच मोठा होत नाहीं. गळ टाकणाऱ्यांची सार्वत्रिक तक्रार हीच आहे कीं, 'टोंचा लागतो घडीघडीला, पण मासा भरत नाहीं.'

ह्याचें मोठें उदाहरण पाहावयाचें तर भीमेवरील उजनीचें धरण पाहावें. १९८० सालीं तें पुरें झालें. आज भिगवणच्या मासळी बाजारांत चिलापीचे ढीगच्या ढीग पडतात, आणि पूर्वीं भीमेंत सहज मिळणारे कित्येक देशी मासे तेथील कोळ्यांस क्वचितच दिसतात. आमच्या तालुक्यांतून वाहणारी बोर नदी भीमेकडेच जाते, तेव्हां ती हकीकत आम्हांस अगदींच परकी नाहीं. तथापि त्याच चिलापीवर तेथील शेंकडों कुटुंबांचीं पोटें आज चालतात, हेंही विसरतां येत नाहीं. मावशींचें म्हणणें आम्ही वादांतून बाहेर टाकीत नाहीं तें ह्यामुळें. आमच्या पाझर तलावांतली चिलापी निपटून काढली, तर त्यांच्या घरच्या कालवणाऐवजीं त्यांस काय देणार, ह्याचें उत्तर वादांतील इतर कोणींही दिलें नाहीं.

आतां तात्यांच्या मरळीकडे वळूं. चिलापीचीं पिलें आवडीनें खाणारा कोणी तलावांत असला, तर तिची बेसुमार वाढ आपोआप रोखली जाते. मरळ हें काम उत्तम करते, व मत्स्यशेतींतील जाणते लोक ह्या कामीं तिचा मुद्दाम उपयोगही करतात. म्हणजे 'मरळ हाय तवर तळं जितं हाय' ह्या वाक्यांत चाळीस वर्षांच्या पाहणीचें सार होतें. अडचण इतकीच कीं, मरळीला चिलापीचें पिलूं कोणतें आणि संस्थेनें विकत आणलेलें कटल्याचें पिलूं कोणतें हा भेद कळत नाहीं. ह्यावर तोडगा आहे. इंचभराचें बीज सोडलें तर तें मरळीचें खाद्य. चार इंचांची बोटुकली सोडली तर ती पुष्कळशी सुटते. मोठी बोटुकली महाग पडते हें खरें. परंतु हजार सोडून शंभर हातीं लागण्यापेक्षां दोनशें सोडून शंभर मिळणें वाईट नाहीं.

जुने मासे समूळ काढण्याच्या रीती तीन-चार आहेत. जाळें वारंवार ओढणें ही पहिली. पण चिखलांत दडलेल्या मरळी व तोंडांत पिलें धरलेल्या माद्या तिच्यांतून निसटतातच. तलाव पार कोरडा करून तळाला भेगा पडेपर्यंत ऊन देणें ही दुसरी व सर्वांत खात्रीची. जतच्या उन्हाळ्यानें ती आम्हांस फुकट पुरविली आहे! तिसरी मोहाच्या पेंडीची. हेक्टरभर क्षेत्रांत मीटरभर पाणी असेल तर सुमारें अडीच हजार किलो पेंड घालतात; तिच्यांतील एका द्रव्यानें माशांचें रक्त बिघडून ते मरतात, दोन-तीन आठवड्यांत तो विषारीपणा जातो व पेंडीचें पुढें खत होतें. बंदिस्त शेततळ्यास ही रीत ठीक. पण पाझर तलावाचें पाणी गुरें पितात आणि तेंच जमिनींत मुरून खालच्या विहिरींस जातें. तेथें ही पेंड घालण्याचा विचारही करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. बिरनाळच्या तलावावर तर जत शहराचें पिण्याचें पाणी अवलंबून. राहतां राहिली चौथी रीत, सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारण्याची. ती १८९७ च्या कायद्यानें गुन्हा ठरलेली आहे. दारूच्या एका धमाक्यांत मोठ्या माशांबरोबर अंडीं, पिलें, बेडूक, सारेंच मरतें. आणि धमाका करणाऱ्याचा हात जातो तो निराळाच.

वेळेचा प्रश्न आमच्या मुलुखापुरता खास आहे, व त्याकडे वादांत कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. मत्स्यबीज तयार होतें आषाढ-श्रावणांत, कारण माशांची ती ऋतु. आमच्याकडे वर्षाचा पाऊस अवघा वीस इंचांच्या आसपास, आणि त्यांतला जोराचा पाऊस पडतो उत्तरा-हस्ताच्या सुमारास, परतीच्या वाटेवर. म्हणजे बीज येतें तेव्हां तलावांत पाणी नसतें, आणि पाणी येतें तेव्हां बीजाचा हंगाम सरलेला असतो. कोंकणांत किंवा कृष्णाकाठीं जें वेळापत्रक चालतें तें येथें उतरवून घेतलें तर फसगतच व्हावयाची. बीज आषाढांत घेऊन दोन-अडीच महिने एखाद्या शेततळ्यांत सांभाळावें, बोटुकली झाली म्हणजे आश्विनांत तलावांत सोडावी, हाच मार्ग दिसतो. तरीही पाझर तलाव हा मुळांत पाणी धरून ठेवण्यासाठीं बांधलेलाच नसतो. तें जमिनींत मुरवून विहिरींस पोंचविणें हें त्याचें काम. १९७२ च्या दुष्काळांत रोजगाराच्या कामांवर असे तलाव महाराष्ट्रभर झाले. त्यांत पाणी लवकर आटलें तर बांधणाऱ्यांनीं काम चोख केलें असेंच म्हटलें पाहिजे. अशा तलावांत पांच-सहा महिन्यांत कटला किलोचा होण्याची आशा करूं नये. पाव-अर्धा किलो मिळाला तरी पुष्कळ. मोठ्या माशांची अपेक्षा संख किंवा दोड्डनाला ह्यांसारख्या प्रकल्पांच्या साठ्यांत करावी. (दोड्ड म्हणजे कानडींत मोठा, आमच्या पूर्व भागांतील विद्यार्थ्यांस हें सांगावयास नको.) मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथून कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उपसून वर आणण्याची योजना झाल्यापासून आमच्याकडील कांहीं तलाव पावसावांचूनही भरूं लागले आहेत, तेथें हें सर्व गणित पुन्हां मांडावें लागेल.

येथवर आम्ही ऐकलेल्या मतांस पुस्तकी ज्ञानाची जोड देत आलों. पण गळ टाकणाऱ्यांच्या मतास शास्त्रांत कांहीं किंमत असते काय, असा प्रश्न आमच्याच एका सहकाऱ्यांनीं केला. 'दिवसभर झाडाखालीं बसून आळशीपणा करणारे ते. त्यांचें काय ऐकावयाचें?' त्यांस उत्तर म्हणून आम्ही एक हकीकत देतों. ती महाराष्ट्रांतच सुरू होते.

दख्खनच्या नद्यांत महसीर नांवाचा मोठ्या खवल्यांचा एक देखणा मासा आहे. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें पुण्याजवळील मुळा-मुठेंत तो पाहून १८३९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास 'खुदरी' हें नांव दिलें. धरणें झालीं, नद्या घाण झाल्या, तसा हा मासा कमी होऊं लागला. तेव्हां लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीनें त्याचें बीज तयार करण्याचें केंद्र उभारलें, आणि मत्स्यखात्याचे माजी प्रमुख डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांच्या परिश्रमानें १९७० नंतरच्या काळांत तेथें हजारों पिलें निपजूं लागलीं. हें काम खरोखरच मोठें होतें. तें बीज दूरदूरच्या प्रांतांत पाठविलें गेलें. कर्नाटकांतील कावेरीतही तें सोडलें गेलें. आतां कावेरींत आधींपासून तिचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीवर कुबड असलेला, जगांतील सर्वांत मोठ्या महसिरांपैकीं एक. त्याच्यासाठीं साहेबलोक शंभर वर्षांहून अधिक काळ तेथें काठ्या घेऊन येत. अलीकडे कावेरीच्या काठीं गळ टाकणाऱ्यांच्या छावण्या होत्या. तेथें मासा धरावयाचा, मोजावयाचा आणि पुन्हां सोडून द्यावयाचा असा नियम होता. आणि काय धरलें, किती तास बसलों, वजन किती, हें वहींत लिहून ठेवावयाचें.

१९९८ पासून २०१२ पर्यंतच्या त्या वह्या पुढें शास्त्रज्ञांनीं तपासल्या. सहा हजारांहून अधिक माशांची त्यांत नोंद होती. तींवरून दिसून आलें कीं, बाहेरून सोडलेला निळसर पंखांचा महसीर वर्षानुवर्षें वाढत गेला, आणि कावेरीचा कुबडा महसीर कमी कमी होत गेला. पुढें पुढें कुबड्याचीं पिलें गळाला लागेनातच. लागत ते थोडे म्हातारे मासे. म्हणजे नवी पिढी येतच नव्हती. २०१५ मध्यें हें प्रसिद्ध झालें. त्यानंतर २०१८ सालीं ह्या कुबड्या महसिराचें शास्त्रीय नांव 'टॉर रेमादेवी' असें निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं तो नष्ट होण्याच्या अगदीं कडेला पोंचल्याचें जागतिक यादींत नोंदलें गेलें. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याची नीट ओळख पटली ती तो जाऊं लागल्यावर! एका नदींतला उत्तम मासा दुसऱ्या नदींत सोडणारांचा हेतु निर्मळ होता ह्यांत शंका नाहीं. आणि धरणें, विषप्रयोग, चोरटी मासेमारी हींही कारणें होतींच. परंतु गळवाल्यांच्या त्या वह्या नसत्या, तर काय गेलें आणि कशानें गेलें ह्याचा पुरावाच उरला नसता.

आमच्या मुंबईकडील वाचकांस पवईचा तलाव ठाऊक असेल. तेथेंही १९३६ सालीं गळ टाकणाऱ्यांची एक संस्था निघाली व ती आज महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ह्या नांवानें ओळखली जाते. वर्गणी भरून गळ टाकणारे तेथें स्वतःच बीज सोडतात. जो सोडतो तोच धरतो, म्हणून आमच्या पाझर तलावावरील 'बीज आमचें, मासे तुमचे' हा तंटा तेथें फारसा उद्भवत नसावा.

दुसऱ्या शनिवारीं आम्हीं ही कावेरीची हकीकत बांधावर सांगितली. संस्थेचे सभासद लक्ष देऊन ऐकत होते. शेवटीं ते म्हणाले कीं, काठी घेऊन बसणारांनीं आधीं आमच्याकडून परवानगी घ्यावी, आणि जें मिळेल तें लिहून द्यावें. मग आमची हरकत नाहीं. तरुणानें तें मान्य केलें. मोठी बोटुकली आणावयाची हेंही ठरलें. मरळ राहूं द्यावयाची. चिलापीबद्दल निकाल लागला नाहीं. मावशींनीं एवढें कबूल केलें कीं, लहान चिलापी कोणी परत पाण्यांत टाकूं नये, घरीं न्यावी. कारण ती कमी झाली तर बरेंच, आणि त्यांना तर हवीच आहे.

वहीचें काम आमच्या शाळेकडे आलें. आमच्या आठवीच्या मुलांनीं रेघा मारून रकाने पाडले : तारीख, माशाची जात, लांबी, वजन, आमिष कोणतें. तात्यांनीं ती वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ह्यात येक खानं कमी हाय." कोणतें, म्हणून मुलांनीं विचारलें.

"किती येळ बसलो त्ये. आनि कायबी मिळालं न्हाई तर त्येबी लिवायचं. न्हायतर सा तास बसून येक मासा, आनि घटकाभरात येक मासा, ह्यात फरक कसा कळंल?"

कावेरीच्या वह्यांत हाच रकाना होता, आणि आम्ही मुलांस तो सांगावयास विसरलों होतों. मुलांनीं लगेच रेघ मारली. वहीच्या पहिल्या ओळींत तात्यांच्या नांवापुढें त्याच दुपारची नोंद आहे : गांडूळ, तीन तास, मासा नाहीं.